मिनोबेंचे सतरा प्रश्न

हिमी गावात कुणी न्हाणीघर नवं करायला काढलं, की घरातली माणसं आधी एकमेकांकडे बघून हसतात. "आता मिनोबे येणार आणि आपल्याला कोरड्या टबात बसवणार!" आणि ते खरंच असतं. कात्सुजी मिनोबे माप घ्यायला आले की टेप खिशातून बाहेर काढतच नाहीत. आधी नवऱ्याला कपड्यांनिशी रिकाम्या टबात बसवतात, दार लावून घेतात, स्वतः अंग धुवायच्या बुटक्या स्टुलावर बसतात आणि सतरा प्रश्न विचारतात. टबात आधी कुठला पाय? हात कुठे टेकता? केस वाकून धुता की मान मागे टाकून? पाणी छातीपर्यंत आवडतं की गळ्यापर्यंत? किती वेळ बसता? बसल्यावर तोंड कुठे? शेजारच्या संडासात उभे राहता की बसता? असे सतरा. मग नवऱ्याला बाहेर काढतात, बायकोला बसवतात आणि तेच सतरा प्रश्न पुन्हा पहिल्यापासून.

एकाचं उत्तर दुसऱ्याच्या कानावर घालायचं नाही, हा त्यांचा नियम. चाळीस वर्षांत तो त्यांनी एकदाही मोडला नाही, आणि मोडला असता तर गावात किती घटस्फोट झाले असते याचा हिशोब नको.

मासळीबाजारात लिलाव पुकारणारे काराशिमा टबात पाय पसरून म्हणाले होते, "संडासात? मी बसूनच करतो बुवा. आजकालचा पुरुष आहे मी." पाठोपाठ काराशिमावहिनी टबात बसल्या. तो प्रश्न आल्यावर त्यांनी नुसतं वर बघितलं आणि म्हणाल्या, "बसतात? कधी? मेल्यावर?" मिनोबेंनी दोन्ही उत्तरं वहीत लिहिली, मग संडासात जाऊन भिंतीचा कागद गुडघ्याच्या उंचीला निरखून पाहिला. माणूस खोटं बोलतो, भिंत नाही. त्यांनी नव्या संडासाला कमरेएवढ्या उंचीपर्यंत पुसता येणारी फळी लावून दिली आणि कुणाला अवाक्षर सांगितलं नाही. त्या हिवाळ्यात काराशिमांकडून बुरी जातीचा एक भलामोठा मासा घरी आला. वर चिठ्ठी होती: बायको हल्ली कमी बोलते, आभारी आहे.

मिनोबेंचं म्हणणं असं, की घरात न्हाणीघर एक दिसतं, पण वापरात ती दोन असतात. पुरुष आत शिरतो, दोन तांबे अंगावर ओततो, टबात धप्पकन बसतो, निम्मं पाणी बाहेर उडवतो आणि दहा मिनिटांत लालबुंद होऊन बाहेर येतो. त्याला एक साबण पुरतो आणि तोही तो जमिनीवर ठेवतो. बाईला पाच बाटल्या लागतात, त्या वाकल्याशिवाय हाताला लागाव्या लागतात, आरसा बसल्या उंचीला लागतो, आणि खिडकी पुरुषाला समुद्र दिसेल इतकी खाली हवी असते तर बाईला समुद्रसुद्धा आत बघू नये इतकी वर. हे सगळं एकाच सहा बाय सहाच्या खोलीत बसवायचं. त्यात मिनोबेंचा हात धरणारा माणूस साऱ्या तोयामा प्रांतात नव्हता. आता वय चौसष्ट झालं, न्हाणीघरं बसवणाऱ्या कंपनीतून निवृत्त होऊनही चार वर्षं झाली, तरी लोक त्यांच्याच नावाने येतात.

गेल्या शरद ऋतूत त्यांची बायको फुमिए सहकारी दुकानात मुळे निवडता निवडता खाली बसली, ती उठलीच नाही. मेंदूतली रक्तवाहिनी. उजवा हात गेला, उजवा पाय अर्धा गेला, बोलणं राहिलं, पण एकेक शब्द थांबत थांबत यायला लागला. आधी मोठं हॉस्पिटल आणि मग ताकाओकाचं पुनर्वसन रुग्णालय, असे पाच महिने गेले.

ते पाच महिने मिनोबेंनी कसे काढले ते त्यांना विचारू नये. दुकानातली तळलेली बांगड्यासारखी मासळी आणायची, डब्याचं झाकण न काढता तशीच गरम करायची, टीव्हीसमोर बसून खायची. संध्याकाळी टब भरायचा. आमच्याकडे टबाबाहेर साबणाने अंग स्वच्छ धुऊन मगच टबात बसतात, त्यामुळे एकदा भरलेल्या गरम पाण्यात घरातली सगळी माणसं ओळीने बसून घेतात. मिनोबेंच्या घरात ही ओळ ठरलेली होती: पहिले मिनोबे, मग त्यांची आई, मग मुलगी चिनामी आणि शेवटी, सगळी निजानीज झाल्यावर, फुमिए. आई वारली, चिनामी लग्न होऊन साप्पोरोला गेली, तरी फुमिए शेवटीच राहिली. आता ओळीत पहिलेही तेच आणि शेवटचेही तेच. एका माणसासाठी भरलेला टब सकाळी रिकामा करताना त्यांना इतकं एकटं वाटायचं, की काही दिवस त्यांनी आंघोळच केली नाही.

फेब्रुवारीत रुग्णालयातल्या हातानाकाने त्यांना बोलावून घेतलं. ही फुमिएला चालायला शिकवणारी मुलगी, अठ्ठावीस वर्षांची आणि बोलायला सरळसोट.

"मिनोबेसान, मार्चअखेर त्यांना इथून सोडणार. घरी न्यायचं की केअर सेंटरला ते ठरवायला हवं. सेंटरला नंबर लागलाय."

"घरीच. विचारायचं काय त्यात?"

"विचारायचं न्हाणीघराचं. बाकी सगळं जमेल. पण एका माणसाच्या मदतीने त्यांना टबात उतरता आणि टबातून वर येता आलं, तरच मी घरासाठी सही करीन. नाही आलं तर सेंटर. मार्चच्या एकवीस तारखेला मी त्यांना घेऊन घरी येते, प्रत्यक्ष बघते."

मिनोबे हसले. पाच महिन्यांत पहिल्यांदा हसले. "न्हाणीघर ना? ते माझ्यावर सोडा."

आणि लगेच वही काढून ते फुमिएच्या खाटेजवळ जाऊन बसले.

"टबात आधी कुठला पाय टाकतेस गं?"

"तुम्हाला... काय करायचंय?"

"न्हाणीघर बांधतोय ना तुझ्यासाठी."

"बांधा की. जमतं तुम्हाला ते."

"अगं पण पाय?"

"दोन्ही," फुमिए म्हणाली आणि तिने खिडकीकडे तोंड फिरवलं.

"आणि हात कुठे टेकतेस?"

"जिथे असेल तिथे."

"बसल्यावर तोंड कुठे असतं? खिडकीकडे की दाराकडे?"

"तोंडावर."

शेजारच्या खाटेवरची म्हातारी फिदीफिदी हसली. सतरा प्रश्नांपैकी तिसऱ्यापाशीच मिनोबेंनी वही मिटली. चारशे बायकांना कोरड्या टबात बसवून बोलतं करणारा माणूस, पण घरच्या बाईपुढे त्याची डाळ शिजेना.

त्यांनी साप्पोरोला फोन लावला.

"चिनामी, तुझी आई आंघोळ कशी करायची?"

"काय?"

"म्हणजे टबात कुठून उतरायची, कुठे धरायची?"

"मला काय माहीत बाबा? आई सगळ्यांत शेवटी जायची. मी तोवर झोपलेली असायचे." मग चिनामीनेच विचारलं, "तुम्ही अख्ख्या गावाच्या बायकांना विचारत फिरता आणि आईला एकदाही नाही विचारलंत? अडतीस वर्षांत?"

"मीही झोपलेलो असायचो," मिनोबे म्हणाले. खोटं नव्हतं ते. पहाटे पाचला उठणारा माणूस, साडेनऊला आडवा व्हायचा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

मग त्यांनी जे दुसऱ्याच्या घरी करायचे ते स्वतःच्या घरी केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उजेड चांगला असताना ते बॅटरी, भिंग आणि वही घेऊन आपल्याच न्हाणीघरात शिरले आणि दार लावून घेतलं. तीस वर्षांपूर्वीचं न्हाणीघर. खोल टब, निळ्या बारीक फरशा, घडीचं दार. त्यात त्यांच्याच घरातली एक बाई कशी वावरत होती हे त्यांना शोधून काढायचं होतं.

फरशा बोलायला लागल्या. टबाच्या काठावर डाव्या टोकाला चकाकी गेली होती, तळहाताएवढ्या जागेत. मिनोबे त्या बाजूने कधी उतरत नसत, म्हणजे तो हात फुमिएचा. हात तिथे, म्हणजे पाय आधी डावा. आरसा वरच्या अर्ध्यात डागाळलेला, पण खाली, बसलेल्या बाईच्या उंचीला, चेहऱ्याएवढा तुकडा पुसून पुसून लख्ख राहिलेला. स्टुलाचे पाय दोन फरशांमध्ये रुतून खूण पडलेली, भिंतीपासून बरोबर चौपन्न सेंटिमीटर. मिनोबेंनी त्या खुणेवर स्टूल ठेवलं, त्यावर बसले, आणि त्यांना जाणवलं की इथे बसलं की नळ, बाटल्या, आरसा सगळं आपोआप हाताशी येतं. अडतीस वर्षं शेजारी झोपणाऱ्या बाईचं अंग त्यांना पहिल्यांदाच असं कळलं, आणि ते कळताना ती घरात नव्हती. त्यांचे डोळे भरून आले. त्यांनी चष्मा काढून पुसला आणि माप लिहिलं.

मग टबात उतरल्यावर त्यांना आतल्या बाजूला दोन रेषा दिसल्या.

पाण्याच्या क्षारांची एक रेषा वर होती, टब भरला की पाणी जिथवर येतं तिथे. दुसरी तिच्याखाली चांगली चार बोटं, पुसट पण स्पष्ट. मिनोबे बघतच राहिले. म्हणजे मी पाणी उडवायचो, आई उडवायची, चिनामी उडवायची, आणि उरलेल्या त्या खालच्या, कोमट पाण्यात फुमिए बसायची. खांदेसुद्धा भिजत नसतील. त्यांनी आजवर कित्येक घरांत नवऱ्यांना ऐकवलं होतं, "वहिनींना एखाद दिवस पहिल्यांदा जाऊ द्या की हो!" आणि स्वतःच्या घरात मात्र लोका सांगे ब्रह्मज्ञान. मिनोबे त्या रिकाम्या टबात गुडघ्यांत डोकं घालून बराच वेळ बसले होते.

खिडकीच्या फळीवर, बाटल्यांच्या मागे, अजून एक वस्तू सापडली. माशाच्या वड्या ज्या छोट्या लाकडी पाटीवर येतात तशी एक पाटी, एका बाजूने तासून पाचर केलेली. मिनोबेंनी ती घडीच्या दाराखाली सरकवून पाहिली. बरोबर बसली. समुद्रावरचा वारा सुटला की ते दार खडखड वाजायचं, त्यासाठी केलेली दिसते, बिचारी. त्यांनी वहीत लिहिलं: नवं दार, वारा न येणारं, रबर लावलेलं.

एकवीस तारखेपर्यंत मिनोबेंनी अक्षरशः अंग मोडून काम केलं. जुना टब काढला, नवा कमी उंचीचा बसवला. दांडी लावली ती डाव्या टोकाला, बरोबर त्या तळहाताच्या जागी. बसायची खुर्ची भिंतीपासून चौपन्नवर. आरसा खाली. बाटल्यांचा कप्पा डाव्या हाताला. जमीन उबदार. दार सरकतं आणि रुंद, दोन माणसं एकदम आत येतील असं. आणि टबाला लागून, हिनोकीच्या सुगंधी लाकडाचं एक बाक. त्याच्या कडा त्यांनी स्वतः तीनदा घासल्या. या बाकावर ते स्वतः बसणार होते. फुमिएला रोज पहिल्या, भरलेल्या, ताज्या पाण्यात बसवायचं, शेजारी आपण बसायचं, तिची पाठ चोळायची, दिवसभराच्या गोष्टी करायच्या. अडतीस वर्षांचं फेडायचं होतं त्यांना. बाक घासताना ते स्वतःशीच गुणगुणायचे, आणि शेजारचे ओयाबे, जे अंगणात सार्डिन वाळवतात, कुंपणावरून विचारायचे, "काय मिनोबे, लग्नबिग्न करताय की काय पुन्हा?"

"तसंच समजा," मिनोबे म्हणायचे.

एकवीस तारखेला अकरा वाजता गाडी आली. हातानाका फुमिएला धरून न्हाणीघरापर्यंत घेऊन आली. कपड्यांनिशी, कोरड्या टबात सगळं करून बघायचं होतं. मिनोबे दाराशी उभे होते.

फुमिए खुर्चीवर बसली. तिचा डावा हात कुणी न सांगता कप्प्याकडे गेला, तिथून नळाकडे, आणि ती थबकली. तिने समोर पाहिलं. आरशात तिचा चेहरा होता, वाकावं न लागता. मग ती उठली, हात पुढे केला आणि दांडी बरोबर तळहातात आली. डावा पाय आत. हातानाकाने उजवा पाय धरून आत घेतला. फुमिए टबात बसली. पुन्हा उठली, बाहेर आली. पुन्हा एकदा केलं. हातानाका कागदावर खुणा करत होती आणि तिला हसू आवरत नव्हतं.

"मिनोबेसान, मी सात वर्षं हे काम करतेय. असं पहिल्याच दिवशी कुणाला जमलेलं मी पाहिलं नाही."

फुमिएने नवऱ्याकडे पाहिलं. "हे... कसं कळलं तुम्हाला?"

"कळलं," मिनोबे म्हणाले. आयुष्यात इतका आनंद त्यांना कधी झाला नव्हता, चिनामी झाली तेव्हासुद्धा नाही.

मग फुमिएचं लक्ष बाकाकडे गेलं.

"हे कुणाचं?"

"माझं," मिनोबे पुढे येऊन बाकावर बसले. "आजपासून पहिली तू. मी इथे बसणार. रोज. हात धरीन, पाठ चोळीन. तू शेवटी जायचं संपलं आता."

फुमिएने बाकाकडे पाहिलं, रुंद दाराकडे पाहिलं, दारावर वरपासून खालपर्यंत नजर फिरवली. मग हातानाकाकडे वळून सावकाश, एकेक शब्द सुटा करून म्हणाली, "मला... सेंटरला ठेवा."

हातानाकाच्या हातातलं पेन थांबलं. मिनोबेंना वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"अगं, जमलं ना तुला सगळं?"

"जमलं."

"मग?"

फुमिएने मान खाली घातली. हातानाकाने मिनोबेंकडे पाहिलं. "मिनोबेसान, तुम्ही जरा चहा टाकता का? मी यांच्याशी बोलते."

चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या नवऱ्यांना दाराबाहेर काढणारे मिनोबे आज स्वतः दाराबाहेर गेले. चहाचं पाणी उकळून आटलं तरी ते ओट्यापाशी उभेच होते. आतून काहीच ऐकू येत नव्हतं. दाराला त्यांनी स्वतःच रबर लावलं होतं.

पंधरा मिनिटांनी हातानाका आली. "त्यांना तुमच्याशीच बोलायचंय," ती म्हणाली आणि अंगणात जाऊन उभी राहिली.

फुमिए खुर्चीवर बसली होती. मिनोबे दाराशी उभे राहिले. बाकावर बसायची त्यांची छाती झाली नाही.

"थंड पाण्यात बसवलं मी तुला," ते घाईघाईने म्हणाले. "उरलेल्या पाण्यात. रेषा पाहिल्या मी टबावर. चुकलो मी फुमिए, मान्य आहे."

"थंड कशाला?" फुमिए म्हणाली. "बटण दाबून... तापवायचे की. बिल तुम्हीच भरत होता."

"पण पाणी कमी—"

"मीच काढायचे. दोन बादल्या. छातीवर दाब येतो माझ्या." तिने दम घेतला. "म्हणे, कळलं!"

उंटावरच्या शहाण्याने खाली उतरावं तसे मिनोबे दाराच्या उंबऱ्यावर बसले.

"अहो, तुमच्या आई होत्या... अठरा वर्षं. दर दहा मिनिटांना हाक. मग चिनामी. मग तुम्ही. मोजे कुठे, टेप कुठे. सगळी झोपली की... पाऊण तास. माझा. कुणी हाक मारायचं नाही. मी तिथे आहे हे... कुणाला माहीत नसायचं." तिचे शब्द सावकाश येत होते, पण एकही चुकत नव्हता. "मी वाट बघायचे त्याची. सकाळपासून."

"ती पाचर," मिनोबेंच्या तोंडून निघालं. "वाऱ्यासाठी नव्हती?"

"वाऱ्यासाठी!" फुमिए हसली, डाव्या बाजूनेच. "कुणी येऊ नये म्हणून."

"कोण येणार होतं? मी तर झोपलेला असायचो."

"झोपलेलेच बरे होतात तुम्ही."

हे मिनोबेंना फार लागलं. त्यांचा आवाज चढला. "म्हणजे परकी बाई आंघोळ घालेल ते चालेल, आणि नवरा नको?"

"परकी बाई... घरी जाईल. तुम्ही जेवायला समोर बसाल. आणि फरशीकडे बघता तसं बघाल माझ्याकडे. कुठे झिजलंय." फुमिएने बाकाकडे हात केला. "एवढी एकच जागा होती. तिथे बाक टाकलंत तुम्ही. आणि कडीसुद्धा नाही ठेवलीत."

मिनोबेंना आठवलं. तीन बायकांमागे एक बाई त्यांना हळूच सांगायची, आतून कडी लावा बरं का. ते लावून द्यायचे. कशाला, हा प्रश्न सतरांत नव्हता. त्यांना कधी पडलाच नव्हता. घरातल्या बाईला गार पाण्यात बसावं लागत असेल, शेवटी जावं लागत असेल, याचं त्यांना वाईट वाटत आलं होतं. पण ती स्वतःहून घरापासून लांब जात असेल, आणि ती जागा घरातच असेल, हे त्यांच्या वहीत कुठेच लिहिलेलं नव्हतं. आपल्यावाचून फुमिएचं रोज पाऊण तास बरं चाललं होतं. या विचाराने त्यांना जितकं एकटं वाटलं तितकं त्या पाच महिन्यांतही वाटलं नव्हतं.

ते म्हणाले, "सेंटरला जाऊ नकोस."

फुमिए दाराकडे बघत होती.

"कडी लावतो. हवी तर दोन लावतो. बाक काढतो."

"आणि हात कोण धरणार?"

"बाई ठेवू. आठवड्यातून दोनदा येईल. तीच धरील."

"आणि तुम्ही?"

"मी... बाहेर बसेन."

"बाहेर म्हणजे खोलीत? कान लावून?"

मिनोबेंनी तिच्याकडे पाहिलं. ती खरंच विचारत होती. उत्तरावर सगळं अवलंबून होतं, हे त्यांना कळलं. "घराबाहेर," ते म्हणाले.

"पावसात?"

"छत्री आहे की."

फुमिएने डाव्या हाताने बाकाच्या कडेवरून बोट फिरवलं. "गुळगुळीत केलंत," ती म्हणाली. "काढा आता."

हातानाका आत आली तेव्हा मिनोबे गुडघ्यांवर बसून बाकाचे स्क्रू काढत होते. तिने काही न विचारता सही केली.

फुमिए घरी आली त्याला आता दीड महिना झाला. मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोनला सावादा नावाची मदतनीस बाई येते. चाळिशीची, धिप्पाड, खळखळून हसणारी. ती आली की मिनोबे टोपी घालतात आणि निघतात. मागे कडी लागल्याचा आवाज येतो. पितळी कडी आहे, चांगली जाडजूड, त्यांनीच निवडलेली. एवढंच नव्हे, आतून फुमिएच्या डाव्या हाताला येईल अशा उंचीवर लावलेली.

पहिल्या मंगळवारी ते गल्लीतच घराच्या बाजूला उभे राहिले. दुसरीकडे जायचं कुठे हे त्यांना सुचलं नाही. न्हाणीघराच्या झरोक्यातून वाफ बाहेर येत होती आणि साबणाचा वास. मग पाणी ओतल्याचा आवाज आला, सावादाबाईंचं काहीतरी बोलणं आलं, आणि त्यावर फुमिए हसली. अर्धं तोंड गेलेली बाई, पण हसली पूर्ण. मिनोबेंनी ते हसणं लग्नाच्या पहिल्या वर्षात ऐकलं होतं, त्यानंतर कधी ऐकलं ते त्यांना आठवेना. ते कुंपणाला धरून उभे राहिले. आणखी ऐकावंसं वाटत होतं, फार वाटत होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की इथे उभं राहून ऐकणं म्हणजे आत बाक टाकून बसण्यासारखंच आहे. ते तिथून निघाले.

चार पावलांवर ओयाबे सार्डिन उलटत होते. "काय मिनोबे, किल्ली विसरलात?"

"नाही. बायको आंघोळ करतेय."

"मग?"

"मग काय? आंघोळ करतेय."

ओयाबेंनी हातातला मासा खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहिलं. "अहो पण तुम्ही बाहेर का? घर तुमचंच ना?"

मिनोबेंनी घड्याळात पाहिलं. दोन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"तीननंतर," ते म्हणाले आणि झरोक्यातलं काही ऐकू येणार नाही इतक्या लांब, बंदराच्या बाजूला चालू लागले.